संघटन-शिबिर, नऊ महिन्यांनंतर: २,२०० रुपये आणि एक वही

गेल्या मंगळवारी आमच्या गावात, दारूचं दुकान बंद करायच्या अर्जावरच्या सह्यांची पडताळणी झाली. ओळखपत्रं घेऊन ३३८ बायका शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभ्या राहिल्या. दोन वर्षांपूर्वी याच व्हरांड्यात १९६ आल्या होत्या आणि आमचा अर्ज तिथेच निकालात निघाला होता. म्हणून आज लिहायला बसले. शिबिराहून आल्या आल्या लिहिलं असतं तर "पैसे फुकट गेले" एवढंच लिहिलं असतं.

लोकांना संघटित कसं करायचं ते शिकवणारं हे शिबिर तीन दिवसांचं, निवासी. फी २,२००. एस.टी. अर्ध्या तिकिटात झाली, पण शिलाईचे तीन दिवस बुडाले ते धरा. मी ब्लाउजचे दीडशे घेते, म्हणजे नुसत्या फीतच पंधरा ब्लाउज गेले. तिथे शिकवतात ते असं: स्वतःची गोष्ट सांगणं, एकीला एकटीनं भेटणं, कुणाची ताकद कुठे आहे ते कागदावर काढणं, मागणी नेमकी करणं. पहिला अख्खा दिवस गोष्टी सांगण्यात गेला. मी माझी सांगितलीच नाही. दारूचं दुकान बंद कसं करायचं ते शिकायला आले होते, रडायला नव्हे, असं मनात आलं.

उदाहरणंही लांबची. १९५२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रेड रॉस नावाचे संघटक घरोघरी बैठका घेत हिंडत होते, त्यात त्यांना सेझर चावेझ भेटले, तेच पुढे शेतमजुरांचे पुढारी झाले. पुढे द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा संप १९६५ ला सुरू झाला आणि करार व्हायला १९७० उजाडलं. यावर अर्धा दिवस. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली, तिला मात्र पंधरा मिनिटं. हे उलट हवं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं भंगार वेचलेलं होतं, तिला किती विचारायचं होतं!

आता वहीबद्दल. निघताना दोनशे पानी वही देतात. रकाने असे: नाव, घरात मतदार बायका किती, ही कुणाचं ऐकते, हिचं कोण ऐकतं, काय करायचं कबूल केलं, केलं का. पहिल्याच महिन्यात तिची शिवण सुटली. मी मशीनवर दुहेरी टीप मारून घेतली. २,२०० घेता तर वही बांधीव द्या, आणि "केलं का" हा रकाना रुंद ठेवा. सगळ्यात जास्त लिहावं लागतं ते तिथेच.

या वहीचं मोल कळायला कायदा बघावा लागतो. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे दारूचं दुकान बंद करायची मागणी करायला किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. मग गुप्त मतदान, एक चिन्ह उभी बाटली, म्हणजे दुकान चालू राहू दे, एक आडवी, म्हणजे बंद करा. आडवीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, आणि ती आलेल्या बायकांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या एकूण महिलांच्या. म्हणजे जी घरी बसली ती उभ्या बाटलीच्याच कामी आली. आमच्या यादीत १,१४० जणी. म्हणजे सह्या हव्यात २८५, मतं ५७१. मागच्या वेळी तरुण मंडळाच्या पोरांनी दोन रविवारांत ४३० सह्या आणल्या होत्या. त्या बायकांशी बोललं कुणीच नव्हतं. यंदा वहीत घर न् घर लिहिलं तेव्हा दिसलं, २३ जणी वारलेल्या, ६४ लेकी लग्न होऊन गेलेल्या, आणि नावं सगळी यादीत. वारलेल्यांसाठी नमुना ७, म्हणजे यादीतून नाव काढायचा अर्ज, भरायला घरच्यांना बसवलं, लेकींना सासरी नाव नोंदवायला फोन केले.

मोठा दोष वेळेचा. शिबिरात सांगतात, भेट चाळीस मिनिटांची, निवांत, समोरासमोर. आमच्याकडची बाई सकाळी भांगलणीला जाते ती दिवस मावळताना घरी येते, मग स्वयंपाक, त्यात सासू समोर, नवरा ओट्यावर. सप्टेंबर संपला तेव्हा माझ्या भेटी झाल्या होत्या अकरा. शिबिरवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "ताई, वेळ काढावा लागतो." त्या दिवशी वही कपाटात टाकली.

ती बाहेर काढली दिवाळीच्या शिलाईनं. मापाला बाई एकटी येते. दार लोटलेलं असतं, दहा मिनिटं मिळतात. दंडाचं माप घेताना निळे डाग दिसतात. वीस वर्षं मी ते बघत आले आणि आकडा लिहून गप्प बसत आले. नोव्हेंबरात एकीच्या दंडाला टेप लावला आणि तिनं हात मागे घेतला. तेव्हा मी तिला माझ्या आईचं सांगितलं. माझे वडील प्यायचे, आई उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा ब्लाउज घालायची. शिबिरात जे बोलले नाही ते तिथे बोलले. ती खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "माझ्या दोन्ही जावांना पाठवते मापाला." त्या दोघींनी पुढे सतरा घरं केली. तेव्हा कळलं, पहिल्या दिवशी आमच्याकडून गोष्टी का सांगून घेत होते. माझा त्या दिवसावरचा राग चुकीचा होता.

उरलेल्या भेटी रानात झाल्या. बायकांबरोबर भांगलणीची पात, म्हणजे ओळ, धरली की वाकल्या वाकल्या बोलता येतं. हे शिबिरात शिकवायला हवं: शेतमजूर बाईला भेटायचं तर तिच्या पातीला जावं लागतं.

पैसे वसूल झाले का? झाले. पण महिन्याभरात फळ हवं असेल तर जाऊ नका. मतदानाची तारीख अजून लागलेली नाही. वहीत आज ५१२ जणींपुढे "येणार" आहे, ५९ कमी पडतात. खालच्या आळीतल्या तिघी उद्या मापाला येणार आहेत.