चितळे म्हटलं की बाकरवडीच

काल बाजीराव रोडच्या चितळे बंधूंकडून अर्धा किलो बाकरवडी घेतली, घरी येईपर्यंत वरचा थर संपलेला. कडक पण दाताला न लागणारी, आत खोबरं-खसखस-तिळाचं सारण, आधी गोड लागतं आणि तिखट मागून येतं, ते जमणं सोप्पं नाहीये. आंबा बर्फी मला जरा जास्तच गोड वाटते, ती नाही घेतली तरी चालेल.

चितळे आडनावाचं कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बाकरवडीवाले का?" पण मूळ धंदा दुधाचा, 1939 ला सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीला सुरू झालेला, पुण्याचं मिठाईचं दुकान नंतर 1950 ला आलं. आणि पाण्याच्या क्षेत्रातले माधवराव चितळे, 1993 चं स्टॉकहोम वॉटर प्राइझ मिळालेले, तेही चितळेच, हे कितीजणांना माहितीये? माहिती असायला पाहिजे खरंतर.

मागे हायवेवर एका टपरीवर "पुण्याची फेमस" म्हणून पाकीट घेतलं होतं, नाव धड नव्हतं, तेलाचा वास येत होता, सरळ टाकून दिलं. पाकिटावरचं पूर्ण नाव आणि तारीख बघूनच घ्या, आणि दिवाळीत जाणार असाल तर सकाळी लवकर जा.