मांडव्याच्या लाँचवर १५०-६०० लेन्स : भाड्याने घेतली, सीगल काढले, आणि आता खरं काय ते सांगतो

तर झालं असं की गेली दोन वर्षं हिवाळा आला की गेटवे ते मांडवा लाँचच्या मागे उडणाऱ्या सीगलचे फोटो बघून माझा जीव खालीवर व्हायचा. माझ्याकडे निकॉन डी ७५०० आणि त्याच्याबरोबर आलेली छोटी लेन्स. म्हटलं विकत घ्यायच्या आधी भाड्याने घेऊन बघू. दादरच्या एका दुकानातून (नाव नाही लिहीत, कारण पुढे तक्रार आहे) सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी (१५० ते ६०० मिमीची झूम, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) तीन दिवसांसाठी घेतली, आधारची झेरॉक्स, डिपॉझिट, सगळं रीतसर.

लेन्स हातात घेतल्यावर पहिला विचार हाच की हे काय आणून बसलोय. १९३० ग्रॅम! पुढची काच एवढी मोठी की ९५ मिमीचा फिल्टर लागतो. बायको म्हणाली, दुधाची बरणी आणलीस का.

शनिवारी सकाळी आठच्या आसपासची लाँच पकडली, वरच्या डेकला थोडे जास्त पैसे घेतात ते द्या, कारण तिथे पक्षी डोळ्यासमोर येतो, खालून फक्त पोटं दिसतात. बंदर सोडून थोडं पुढे गेलो आणि कुरव आले. आपण सीगल म्हणतो ते हेच, तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे दोन्ही एकाच थव्यात. हिवाळ्यात डोकं पांढरंच असतं, कानामागे नुसता काळा ठिपका, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. माझी खूण सोपी आहे. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके आणि डोळा फिकट असेल तर तपकिरी डोक्याचा, जो उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर अंडी घालतो, आणि डोळा काळा, पंखाची पुढची कड पांढरी असेल तर दुसरा.

आता मुख्य गंमत. लोक वेफर्स आणि गाठिया उडवत होते (याबद्दल पुढे बोलतो), त्यामुळे पक्षी एवढे जवळ की कॅमेऱ्यात फक्त डोळा आणि चोच. ही लेन्स २.८ मीटरच्या आत फोकसच करत नाही, आणि कुरव तर रेलिंगपासून हातभर अंतरावर. एक खलाशी माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, "अरे दादा, एवढी तोफ कशाला, हे तर हातातून खाऊन जातात." खोटं कशाला बोलू, बरोबर होता तो.

त्यात अर्धा प्रवास फोकस लागेच ना. मला वाटलं लेन्स खराब दिली. नंतर बघितलं तर बाजूचा लिमिटर (लेन्सने किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं बटण) १० मीटर ते अनंत वर होता, म्हणजे त्याहून जवळचं काही पकडतच नव्हती, आधीच्या भाडेकरूने ठेवलेला, दुकानदाराने तपासला नाही आणि मीही नाही. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच सगळी बटणं चेक करा, प्लीज.

बाकी दोन गोष्टी लाँचसाठी. जाताना उजव्या बाजूला उभे रहा, सूर्य पाठीशी येतो, आणि संध्याकाळी परत येतानाही उजवीच बाजू, कारण तेव्हा सूर्य पश्चिमेला गेलेला असतो. आणि लेन्स रेलिंगवर टेकवू नका, इंजिनची सगळी थरथर फोटोत उतरते. मी मॅन्युअलवर शटर १/२००० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ ५०० ठेवलं होतं, ऑटोवर सोडलं की मागे काळपट पाणी आलं की पांढरा पक्षी जळतो आणि मागे आकाश आलं की काळा होतो.

रात्री अलिबागला राहिलो आणि रविवारी सकाळी सातला आक्षीच्या किनाऱ्यावर. इथे मात्र तोफेने पैसे वसूल केले. ओहोटीला कुरव पाण्याच्या कडेला बसतात, माणूस बघून सरकत जातात, ६०० शिवाय काही खरं नाही. पालथं झोपलो, वाळू कपड्यांत गेली, पण समोरच्या पातळीवरून जे फोटो आले ते बघून मीच खूश. साडेनवानंतर वाळू तापली की हवा थरथरायला लागते आणि मग कितीही भारी लेन्स असू दे, फोटो मऊच येतो, कॉम्प्युटरवर शार्पन करून तो परत येत नाही. मी दोनशे फ्रेम त्यात वाया घालवल्या.

घरी आल्यावर लाईटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) मेटाडेटा फिल्टर लावून कुठला फोटो किती मिमीवर काढला ते बघितलं तर हसायलाच आलं. लाँचवरच्या ११४० फोटोंपैकी ४०० मिमीच्या वरचे जेमतेम ९०, बहुतेक सगळे १५० ते २५० मध्ये. म्हणजे लाँचसाठी ७०-३०० पुरली असती, आणि हात पण दुखला नसता.

एडिटिंगचं सांगतो कारण तिथेच लोक माती खातात. मुंबईच्या डिसेंबरात धुरकं असतंच, डीहेझ (धुरकं कमी करणारा स्लायडर) पूर्ण फोटोवर ओढलं की पक्षी मळकट होतो. मी सिलेक्ट सब्जेक्टने पक्षी निवडून मास्क (निवडलेला भाग) उलटा करतो आणि डीहेझ फक्त मागच्या समुद्राला देतो, पक्ष्याचे फक्त हायलाईट्स (सगळ्यात उजळ भाग) खाली. क्षितिज आधी सरळ करा, लाँच हलत असते. एआय डिनॉइज (फोटोतले दाणे काढणारं टूल) रॉ फाईलवरच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ फाईलवरच चालवतो, पण ५० च्या आत, वर गेलं की पिसं प्लास्टिकची दिसतात, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका फोटोला चहा पिऊन होतो.

आणि तो गाठिया. माझ्या सगळ्यात शार्प फोटोत चोचीत पिवळाधमक गाठिया आहे. मित्र म्हणतो पुसून टाक, रिमूव्ह टूलने दोन मिनिटांचं काम. मी नाही पुसला, जे होतं ते होतं. पण खायला घालणं बंद व्हायला हवं असं माझं मत, तेलकट मिठाचं आहे ते आणि रिकामं पाकीटही मागोमाग समुद्रातच जातं.

लेन्सला पाचपैकी चार, आक्षीसाठी. समुद्रावरून आल्यावर ओलसर फडक्याने मीठ पुसून मगच बॅगेत भरा, या मॉडेलला फक्त माउंटजवळ (लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथे) रबर सील आहे. दुकानाला अडीच, लेन्स स्वच्छ होती पण डिपॉझिट परत यायला आठवडा आणि चार फोन लागले. पुढच्या महिन्यात फेब्रुवारीत परत लाँचवर जाणार, ७०-३०० भाड्याने मिळत असेल तर सांगा कुणीतरी, दादर-माहीमच्या आसपास.