जुन्या पिकअपचा डीपीएफ: बायपास किट की दुरुस्ती?

डिझेल पिकअप जुनी झाली, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला आणि चढावर गाडी ओढेनाशी झाली की हा सल्ला हमखास मिळतो: ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करा, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून सरळ पाइप टाका, ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) सॉफ्टवेअर बदला, कटकट संपेल. सगळं एका किटमध्ये येतं. माझं मत आधीच सांगतो, मी दुरुस्तीच्या बाजूने आहे. पण किटवाल्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही.

ईजीआरमधून थोडा जळका धूर पुन्हा इंजिनात जातो. त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी बनतात. पण त्याच धुरातली काजळी इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत, थरावर थर बसते, आणि हा धूर थंड करणारा ईजीआर कूलर फुटला तर कूलंट थेट इंजिनात उतरू शकतं. डीपीएफ चोक झाला की धुराला बाहेर पडायला अडथळा होतो आणि डिझेल जास्त जातं. किट बसवल्यावर हे त्रास थांबतात, गाडी मोकळी वाटते. इतपत खरं आहे.

आता डीपीएफ चोक का झाला, हे पाहा. निर्णय इथेच होतो. फिल्टरमध्ये अडकलेली काजळी साधारण ६०० अंश सेल्सिअसला जळून जाते; यालाच रीजनरेशन म्हणतात. गाडी सतत जवळच्या फेऱ्या मारत असेल तर ते पूर्णच होत नाही. डिझेल फवारणारा इंजेक्टर गळत असेल, टर्बोतून ऑइल जात असेल किंवा ईजीआर व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल, तर काजळी जळण्यापेक्षा वेगाने साचते. किट यातलं काहीच बरं करत नाही, फक्त दिवा विझवतं. गळणारा इंजेक्टर गळतच राहतो आणि पुढे पिस्टनलाही भोवू शकतो. तोवर ज्याने कल्पना दिली असती तो फिल्टर गाडीत नसतो.

वयामुळे खरंच साचते ती राख. ती इंजिन ऑइलमधल्या रसायनांची असते आणि कितीही तापवली तरी जळत नाही. त्यासाठी फिल्टर उतरवून मशीनवर साफ करून घ्यावा लागतो. हे काम नव्या फिल्टरपेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि कित्येक गाड्यांना तेवढंच पुरतं. पुढे उत्पादकाने सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच वापरायचं.

कायद्याची बाजू थोडक्यात. अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टखाली ही उपकरणं निकामी करणं आणि त्यासाठीचे भाग विकणं, दोन्ही बेकायदा आहे. ब्रिटनमध्ये मूळचा डीपीएफ काढलेली गाडी वार्षिक तपासणीत नापास होते. गाडी जुनी म्हणून माफी नाही. बनवताना जे बसवलं होतं ते जागेवर लागतं. विकायला काढलीत तर जाणकार गिऱ्हाईक पाइप बघूनच मागे फिरतो. आणि काढलेला फिल्टर भंगारात गेला असेल तर गाडी पूर्ववत करण्याचा खर्च दुरुस्तीच्या वर जातो.

धुराचं मात्र मला मनापासून सांगायचंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणारा म्हणून पहिल्या गटात टाकलं. डीपीएफ जे अडवतो ते कण इतके बारीक असतात की थेट फुप्फुसात खोलवर उतरतात. गाडी अंगणात सुरू करून ठेवली की तो धूर सगळ्यात आधी घरातली मुलं घेतात.

किट एकाच बाबतीत सरस आहे: काम पटकन होतं. दुरुस्तीला निदान करणारा मेकॅनिक शोधावा लागतो. त्याला आधी फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजायला सांगा, मग इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे त्यातून परत जाणारं डिझेल, तपासायला. फिल्टर आतून फुटलेला किंवा वितळलेला निघाला तर नवा घ्यावाच लागेल. तो खर्च गाडीच्या किमतीला झेपत नसेल, तर गाडी आहे त्या अवस्थेत, दोष सांगून विका.