रानातली ओळख: ॲप की आजी?
बेळगावजवळच्या खानापूरहून जांबोटी-कणकुंबीच्या रानात गेलं की झाडाफुलांची ओळख पटवायला दोन आधार: मोबाइलमधलं ॲप आणि वाटेवर भेटणारी एखादी आजी.

पावसाळी फुलांना ॲप बरं. सोनकी, तेरडा पटकन ओळखतं. फक्त फुलाबरोबर पान, देठ आणि पानाची मागची बाजूही टिपावी.

फळांच्या बाबतीत मात्र मी आजीचंच ऐकतो. मे महिन्यात तिने करवंद तोडून देठाशी आलेला पांढरा चीक दाखवला, समोरासमोरची पानं आणि जोडीने आलेले काटे बोटाने चाचपायला लावले. चिकाचा चिकटपणा फोटोत कुठून येणार? कळलावी या रानवेलीचं नाव ॲपने सांगितलं खरं, पण ‘कंद विषारी हाय, पोरांस्नी हात लावू देऊ नको’ हे तिनेच बजावलं.