मोनेच्या सुड्यांचं कॅनव्हास प्रिंट: सावली करपली

मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे शिकागोला गेलो होतो. विवेकानंदांनी १८९३ साली भाषण केलं ती इमारत बघायची म्हणून आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयात गेलो आणि फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या सुड्यांच्या चित्रांपुढे तासभर अडकलो. बायको दोनदा बोलवायला आली.

फ्रान्समधलं जिव्हेर्नी गाव, मोनेच्या घराजवळचं कापणी झालेलं रान, त्यात सुड्या, म्हणजे कापलेल्या पिकाचे रचलेले ढीग. बस. १८९०-९१ मध्ये त्याने अशी पंचविसेक चित्रं काढली. ऊन सरकलं की समोरचा कॅनव्हास बाजूला, दुसरा पुढे. मे १८९१ मध्ये त्यातली १५ पॅरिसला चित्रविक्रेता दुरां-रुएलच्या दालनात एकत्र लागली. शिकागोच्या संग्रहालयाकडे सहा आहेत. मला त्यातलं 'उन्हाळ्याची अखेर' आवडलं: एक थोरली सुडी, एक धाकटी.

घरी आल्यावर त्याचंच प्रिंट ऑनलाइन मागवलं. १,८५० रुपये. चार दिवसांत नळकांड्यात गुंडाळून आलं, कुठे चुरगळलेलं नाही, कापडही चांगलं जाड आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

विक्रेत्याने नाव दिलंय 'गवताच्या गंजी'. अहो, गवत नाही ते! आत कणसांसकट गहू आहे, वरून पेंढ्याने शाकारलेलं. पंधरा फुटांच्या वर उंची. मळणीयंत्र गावोगाव फिरत यायचं, तोवर माल रानातच उभा. आमच्याकडे थ्रेशर मिळेपर्यंत सोयाबीनची सुडी ताडपत्रीखाली असते, तसंच. वडिलांना प्रिंट दाखवलं तर त्यांनी आधी शाकारणी बघितली आणि म्हणाले, "पाणी आत जायचं नाही." त्या सुड्यांत गावाची वर्षाची कमाई होती, हे 'गवत' म्हटल्यावर कसं कळणार?

आता मुख्य दुखणं. मूळ चित्रात सुडीची सावली निळी-जांभळी आहे, त्यात मधेच गुलाबी फटकारे. काळा रंग शोधून सापडत नाही. प्रिंटमध्ये ती सावली चुलीतल्या राखेसारखी करडी आली आहे. मग उरतं काय? सावलीत थंडावा नसेल तर उन्हालाही ऊब येत नाही. फ्रेमवाल्याने वर काच लावू का विचारलं. नको म्हटलं, आधीच मळभ आहे.

शिवाय मापाचा घोळ. मूळ चित्र ६० बाय १००.५ सेंटिमीटर. प्रिंट २४ बाय ३६ इंच, म्हणजे ६१ बाय ९१. दोन्ही सुड्या शाबूत आहेत, पण कडेचं मोकळं रान मिळून नऊ-दहा सेंटिमीटर कातरलं गेलं. विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं, 'स्टँडर्ड साइज आहे सर.'

तीन स्टार. घ्यायचंच असेल तर मूळ मापात छापून देणारा शोधा आणि सावलीचा जवळून काढलेला फोटो आधी मागवा. माझं जिन्यात लावलंय, तिथे तसाही उजेड कमी असतो.