थंड प्रदेशातली सरोवरं: आधी पाणी तपासायचं की तळाचा गाळ?

लडाखच्या किंवा उत्तर ध्रुवाकडच्या सरोवरांवर समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) काम करायचं ठरवलं की लगेच एक फाटा लागतो. सरोवरातलं आजचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, की तळात नळी घालून हजारो वर्षांच्या गाळाचा कोअर काढायचा? मोजायचं दोन्हीकडे तेच: ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम, म्हणजे पाण्याच्या रेणूतले जड अणू. पण वेळ, खर्च, परवानग्या आणि चुकण्याच्या जागा पूर्ण वेगळ्या आहेत. माझा कौल आधीच सांगतो. ज्या सरोवराच्या आवक-जावकीचा हिशेब कुणी मांडलेला नाही, तिथे आधी पाणीच तपासावं.

पाण्याच्या कामाचा पाया सोपा आहे. भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवलं की जगभरच्या पावसाचं आणि बर्फाचं पाणी साधारण एकाच रेषेवर बसतं: ड्युटेरियमचं मूल्य ऑक्सिजन-१८च्या आठपट, अधिक दहा (मूल्य म्हणजे प्रमाणित समुद्रपाण्याच्या तुलनेत दर हजारी किती फरक). सरोवरातून वाफ उडू लागली की हलके रेणू आधी जातात आणि जड मागे राहतात. मग सरोवराचं पाणी त्या रेषेवरून सुटतं आणि चार ते सहा उताराच्या दुसऱ्या रेषेवर सरकत जातं. या दोन रेषा जिथे छेदतात, तिथे सरोवरात येणाऱ्या पाण्याची सरासरी ओळख सापडते. तिथून नमुना किती लांब गेला हे पाहून, हवेतली आर्द्रता आणि तापमान धरून, बाष्पीभवन आणि आवक यांचं गुणोत्तर काढता येतं. ते एकच्या वर गेलं, तर सरोवर आटत चाललंय.

या पद्धतीची ताकद पाहायची तर कॅनडाच्या युकॉन प्रांतातला ओल्ड क्रो फ्लॅट्स हा प्रदेश पाहावा. वुंटुट ग्विचिन या आदिवासी समाजाच्या या भूमीवर कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे २,७०० उथळ तळी आहेत. एकेका तळ्यावर उपकरणं बसवणं तिथे अशक्यच. संशोधकांनी हेलिकॉप्टरने फिरून बऱ्याच तळ्यांचं पाणी हंगामात पुन्हा पुन्हा गोळा केलं आणि समस्थानिकांवरून तळ्यांचे गट पाडले: काही मुख्यतः वितळलेल्या बर्फावर जगणारी, काही पावसावर. झाडझुडपं असलेल्या पाणलोटात हिवाळ्याचा बर्फ अडून साठतो, म्हणून तिथली तळी पहिल्या गटात येतात. उघड्या टुंड्रातली दुसऱ्या. एका छोट्या बाटलीतून तळ्याभोवतीच्या झुडपांचा परिणाम दिसतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

थंड प्रदेशात मात्र एक गोष्ट उष्ण प्रदेशातल्या अनुभवावरून लक्षात येत नाही: बर्फ. पाणी गोठताना जड रेणू बर्फाकडे झुकतात. हळूहळू गोठलेला बर्फ मूळ पाण्यापेक्षा ऑक्सिजन-१८मध्ये सुमारे ३ प्रति हजार जड असतो. समजा दोन मीटर खोलीचं उथळ तळं हिवाळ्यात अर्धं गोठलं. मग बर्फाखाली उरलेलं पाणी साधारण २ प्रति हजारने हलकं झालेलं असेल. मार्चमध्ये बर्फाला भोक पाडून काढलेला नमुना आणि ऑगस्टचा नमुना शेजारी ठेवून ‘उन्हाळ्यात इतकं बाष्पीभवन झालं’ म्हणणं म्हणूनच धोक्याचं. उथळ तळ्यासाठी किमान तीन फेऱ्या हव्यात: बर्फ फुटल्यावर, भर उन्हाळ्यात आणि पुन्हा गोठण्याआधी. खोल सरोवरात पाणी वर्षानुवर्षं साठून राहिलेलं असतं, तिथे दोन फेऱ्यांत भागतं. पण खोलीनुसार नमुने घ्यावे लागतात.

नमुना घेणं स्वस्त आहे, बिघडवणं त्याहून सोपं. २० ते ३० मिलिलिटरची जाड प्लास्टिकची बाटली, आत हवेचा बुडबुडा नाही, झाकण घट्ट. आम्ल वगैरे काहीही घालायचं नाही. झाकण सैल राहिलं तर बाटलीतच बाष्पीभवन होतं आणि निकाल आटणाऱ्या सरोवरासारखा दिसतो. उलट, काठोकाठ भरलेली बाटली रात्री तंबूत गोठली तर झाकण उचललं जातं. म्हणून नमुन्यांना थंडीत उघड्यावर ठेवायचं नाही. आणि फक्त सरोवराचं पाणी आणू नका. येणारे ओढे, झरे, पाऊस, जुना बर्फ, असला तर बाहेर जाणारा प्रवाह, हे सगळं लागतं. ओढ्यांचे नमुने नसलेला सरोवराचा आकडा कशाशी ताडून पाहणार?

मोजणीची अडचण आता फारशी नाही. पूर्वी पाण्याच्या नमुन्यावर कार्बन डायऑक्साइड संतुलित करून तो वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात, तपासत. ही पद्धत १९५३ पासूनची आणि अजूनही भरवशाची. आता लेसरवर चालणारी यंत्रं दोन्ही मूल्यं एकदम देतात. एका इंजेक्शनला नऊएक मिनिटं लागतात आणि आधीच्या नमुन्याचा अंश यंत्रात रेंगाळतो, म्हणून सहाएक इंजेक्शनं करून पहिली काही सोडून द्यायची. म्हणजे तासाला साधारण एक नमुना. खाऱ्या सरोवराचं पाणी असेल तर प्रयोगशाळेला आधी सांगा. लेसर यंत्राच्या वाफ करणाऱ्या भागात मीठ साचतं, आणि जुन्या पद्धतीतही मिठाने आकडा सरकतो.

आता गाळाकडे. पाणी फक्त आजचं सांगतं, फार तर गेल्या काही वर्षांचं. मान्सून कधी लडाखपर्यंत पोचला, कधी मागे हटला, हे विचारायचं तर गाळाशिवाय इलाज नाही. लडाखमधल्या त्सो मोरीरी सरोवराच्या गाळातल्या कार्बोनेटवरून (चुनखडीसारख्या क्षारांवरून) शेवटच्या हिमयुगापर्यंतचा पाण्याचा इतिहास वाचला गेलाय. सायबेरियातल्या एल्गिगित्गिन आणि बैकल सरोवरांत कार्बोनेट मिळत नाही, तिथे डायटम या सूक्ष्म शेवाळाच्या सिलिका कवचातला ऑक्सिजन मोजतात. ग्रीनलँडमध्ये पानांवरच्या मेणातलं ड्युटेरियम कामाला येतं. म्हणजे जुन्या पाण्याचा ठसा जपणारा कोणता वाहक वापरायचा हे तुमच्या आवडीवर नाही, सरोवरावर ठरतं. शिवाय डायटमची कवचं मातीच्या कणांपासून पूर्ण वेगळी करावी लागतात, कारण मातीतही ऑक्सिजन आहेच. त्यांच्यावर फ्लोरिनची विषारी संयुगं वापरून काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगात मोजक्याच आहेत.

माझी खरी शंका मात्र अर्थ लावण्याबद्दल आहे. कार्बोनेटमध्ये पाण्याच्या तापमानाचा ठसा एका अंशाला जेमतेम ०.२ प्रति हजार असतो. बंद खोऱ्यातल्या, म्हणजे पाणी बाहेर वाहून न जाणाऱ्या, सरोवरात बाष्पीभवनाने पाणी ५ प्रति हजार सहज सरकतं. हिशेब साधा आहे: सरोवर किती उघडं, किती बंद हे माहीत नसताना कोअरमधल्या चढ-उताराला तापमान म्हणायचं धाडस करता येत नाही. पर्जन्याचा उगम बदलला तरी आकडा बदलतो. लडाखचा हिवाळी बर्फ पश्चिमी चक्रवातांबरोबर भूमध्य समुद्राकडून येतो, आणि त्याची ‘ड्युटेरियम एक्सेस’ (ड्युटेरियमच्या मूल्यातून ऑक्सिजन-१८च्या मूल्याची आठपट वजा करून उरणारा आकडा) मान्सूनच्या पावसापेक्षा सहसा जास्त असते. हा फरक आजच्या ओढ्यांत पाहिलेलाच नसेल, तर पाच हजार वर्षांपूर्वीच्या थरात काय ओळखणार?

कालमापन हा दुसरा काटा. ही लडाखची सरोवरं ज्या चांगथांगच्या पठारावर आहेत तिथे झाडं नाहीत, त्यामुळे कोअरमध्ये लाकडाचा तुकडा मिळणं कठीण. पाणवनस्पतींचं कार्बन-१४ मोजावं तर त्यांनी खडकांतून आलेला जुना कार्बन पाण्यातून घेतलेला असतो, आणि वय शेकडो, कधी हजारो वर्षांनी जास्त निघतं. वरच्या थरांसाठी शिसं-२१० आणि १९६३च्या सुमाराचा, अणुचाचण्यांतून पडलेल्या सिझियम-१३७चा ठसा मदतीला येतो; त्याखाली मात्र दुरुस्तीचं गणित करतच जावं लागतं.

लडाखच निवडायचं असेल तर पाण्यासाठी माझी पहिली पसंती त्सो कारच्या खोऱ्याला. ४,५०० मीटरच्या आसपास उंचीवर इथे दोन सरोवरं शेजारी आहेत: दक्षिणेचं गोडं स्तार्त्सापुक त्सो, सुमारे ४३८ हेक्टरचं, आणि त्याचं पाणी पोटात घेणारं अतिखारं त्सो कार, सुमारे १,८०० हेक्टरचं. चांगपा हे पशुपालक लोक पूर्वी इथलं मीठ काढत. आकाश तेच, हवा तीच, बर्फ तोच. फरक एवढाच की एकातून पाणी पुढे जातं आणि दुसऱ्यातून फक्त वाफ. बाष्पीभवनाची रेषा शिकण्यासाठी अशी जोडी दुर्मीळ. त्सो मोरीरी गाळासाठी उत्तम, कारण ते शंभर मीटरच्या वर खोल आहे आणि थर न ढवळता साचतात. पाण्याच्या एकट्या विद्यार्थ्याला मात्र तिथे बोट आणि खोलीचे नमुने जड जातील. पँगाँग नावाने ओढ घेतं, पण सव्वाशे किलोमीटरच्या वर पसरलेल्या आणि मधून सीमारेषा गेलेल्या सरोवराचा पूर्ण हिशेब एका बाजूने मांडता येत नाही.

परवानगीचा वेळ दोन्ही कामांत धरा. त्सो कार आणि त्सो मोरीरी ही दोन्ही रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाच्या ठरवलेल्या पाणथळ जागा) चांगथांग अभयारण्यात आहेत, तेव्हा वन्यजीव विभागाची संमती लागते. काही बाटल्या पाणी नेण्याचा अर्ज आणि तराफा लावून तळात नळी घालण्याचा अर्ज सारख्या नजरेने पाहिले जाणार नाहीत, आणि काळ्या मानेच्या क्रौंचांच्या विणीच्या हंगामात ते बरोबरच आहे.

एमएस्सीचा प्रबंध असेल, हाती एक उन्हाळा आणि थोडे पैसे असतील, तर पाणी घ्या. निकाल त्याच वर्षी हातात येतो. पीएचडीला पाच वर्षं असतील आणि कालमापनाची सोय पक्की असेल तर गाळ घ्या, पण पहिली दोन वर्षं पाण्यावर घालवण्याची तयारी ठेवून. अपवाद एकच. तुमच्या संस्थेच्या शीतकोठीत आधीच काढलेला कोअर पडून असेल, तर तो सोडू नका. फक्त तो कापण्याआधी काढणाऱ्यांना विचारा, त्या मोहिमेत ओढ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या होत्या का. नसतील, तर पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानात तुमच्या बाटल्या टाका.