सॉलिड कार्बाइड सांगून हायस्पीड स्टील गळ्यात मारलं, माल वजन करून घ्या रे

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटंसं वर्कशॉप आहे, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आणि दोन लेथ. दिवाळीच्या आधी एक जण आला, 12 एमएमचे चार फ्लूटवाले (चार धारांचे) सॉलिड कार्बाइड एंडमिल, म्हणजे मशीनला लावून धातू कापायची टूल, 700 रुपयाला एक देतो म्हणाला. कार्बाइड हायस्पीड स्टीलपेक्षा कडक, जास्त स्पीड सोसतं. एक सॅम्पल फुकट ठेवून गेला, ते ईएन 24 वर (चिवट पोलाद असतं ते) लोण्यासारखं चाललं, मग काय, 20 नग सांगून टाकले. पक्कं बिल केलं तर 18 टक्के जीएसटी लागेल म्हणाला आणि मीपण चार पैसे वाचतायत म्हणून गप्प बसलो, तिथेच माती खाल्ली.

माल आला तेव्हा शंका आली होती, कारण लोहचुंबक लावला की खटकन चिकटायचा. तर हा म्हणतो, "दादा, कार्बाइडमध्ये कोबाल्ट असतं, चिकटणारच ना." आता हे खोटं नाही हो, टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टनेच बांधलेले असतात आणि कोबाल्टला चुंबक लागतोच! पण ती ओढ हलकी असते, पोलादासारखी नाही, हे मला तेव्हा कुठे सुचतंय.

3200 आरपीएम लावलं, कार्बाइडला चालतं तेवढं. दोन मिनिटं पण झाली नाहीत, टूल किंचाळायला लागलं, कोपरे निळे पडून जळाले, जॉब भंगारात. दुसरा लावला, तेच.

शेजारच्या ग्राइंडिंगवाल्या काकांनी एक नग नुसता तळहातावर तोलला आणि म्हणाले, "अरे हे विडिया नाहीच." (जुनी माणसं कार्बाइडला अजून विडियाच म्हणतात, जर्मनीच्या क्रुपने 1920 च्या दशकात काढलेलं नाव, म्हणजे हिऱ्यासारखं.) मग ओळखीच्या सोनाराकडे जाऊन काट्यावर ठेवले. त्याचंच सॅम्पल 104 ग्रॅम आणि आलेल्या मालातला नग 58! टूलचं कार्बाइड घन सेंटिमीटरला 14-15 ग्रॅम भरतं, हायस्पीड स्टील 8 च्या आसपास, म्हणजे साइज तीच असेल तर वजन जवळजवळ दुप्पट पाहिजे. वरचा जांभळट काळा कोट सेम टू सेम होता, पण कोट काय, हायस्पीडवर पण चढतो.

फोन तेव्हापासून बंद, बिल नाही, तक्रार कशावर करणार. 14,000 गेले, जॉबचं वेगळं. उरलेले 18 ड्रॉवरमध्ये आहेत, अ‍ॅल्युमिनियमला स्पीड कमी करून वापरतो. हायस्पीड म्हणून काही वाईट नाहीत, फक्त 700 चे नाहीत.